तळटीप : उन्हाला वळण देणाऱ्या भिंती

* ‘वॉकीटॉकी’ : लंडनमधील २०, फेनचर्च स्ट्रीट या इमारतीचे टोपणनाव, वास्तुकार राफाएल विन्योली. तिची दक्षिणेकडची काचेची भिंत आत वळलेली, जणू प्रचंड अंतर्गोल आरसाच. २०१३मध्ये तिने एकवटलेल्या उन्हाने रस्त्यावर उभ्या जग्वार मोटारीचे काही भाग वितळले. पत्रकारांनी तिथे अंडेही तळून पाहिले. पुढच्या वर्षी काचेवर ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या आल्या.

लेखकाने म्हटलेली ‘हलती भिंत’ मात्र अबू धाबीतील अल बहर मनोऱ्यांची (२०१२). अरबी घरांच्या मशरबिया जाळीवरून सुचलेल्या, छत्रीसारख्या २,०००हून अधिक घड्या ऊन समोर आले की उघडतात, कलले की मिटतात. त्यामुळे आतली काच फार गडद करावी लागत नाही. – संपा.