फेसाची साक्ष

बियर बाटलीत केव्हा भरावी, हे इंग्लंडातील मद्यकार पूर्वी जिभेवरून व फेसावरून ठरवीत. परंतु फेस थंडीनेही बसतो; मग उरलेली साखर बंद बाटलीत पुन्हा आंबे, वायू कोंडे आणि काच फुटे. १७८४ साली हल येथील जॉन रिचर्डसन यांनी शर्करामापकावर ग्रंथ लिहिला. साखरेचे मद्य होता होता रस हलका होतो व हे तरते माप त्यात अधिक बुडते. अपेक्षित खुणेपर्यंत उतरून ते दोनतीन दिवस तेथेच स्थिरावले, की आंबणे संपले असे समजावे. आंबविणारे यीस्ट सजीव आहे, हे श्वान यांनी १८३७ साली दाखविले. म्हणजे कारण कळण्यापूर्वीच माप हाती आले होते. शांत दिसणे आणि शांत होणे यांतील भेद डोळ्यांस कळत नाही, तो मोजावाच लागतो, असे आम्हांस वाटते.