लव्हग्रोव्हचा जमाखर्च

अ‍ॅनी बेझंट रोडवरून वरळी नाक्याकडे जाताना नाकाला रुमाल कुठे लावायचा, हे रोजच्या प्रवाशाला सांगावे लागत नाही. तिथे महापालिकेचे लव्हग्रोव्ह मलजल उदंचन केंद्र आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहराच्या गटारांचे पाणी इथवर आणून समुद्रात सोडायची योजना झाली आणि मुंबईचा मैला वरळीच्या वाट्याला आला. या केंद्राची वाटचाल मला हिशेबाच्या अंगाने पाहावीशी वाटते. महापालिकेने मैलापाण्याचा हिशेब जसा मांडला, तसे इथल्या समुद्राचे भवितव्य ठरत गेले आहे.

१८८८ च्या महापालिका कायद्यात या कामासाठी हलालखोर कर होता. कराला नाव होते, पण पाणी आणि मैलापाणी यांचा मिळून ताळेबंद कुणाला सहज दिसत नव्हता. १९७३ मध्ये जागतिक बँकेने मुंबईच्या पाणीपुरवठा व मलनिःसारण प्रकल्पाला पहिले कर्ज दिले. कर्ज देणारा आधी वही मागतो. त्याच दशकात पाणी आणि मलनिःसारणाचा अर्थसंकल्प वेगळा काढला गेला. तोच महापालिकेचा ‘अर्थसंकल्प ग’. त्याचा धागा थेट आपल्या घरापर्यंत येतो. सोसायटीचे पाण्याचे बिल काढून पाहा, पाण्याच्या आकाराखाली मलनिःसारण आकाराची ओळ असते आणि ती रक्कम पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के असते. म्हणजे शंभर रुपयांचे पाणी वापरले, तर ते वाहून नेण्याचे सत्तर रुपये आपण वेगळे मोजतो.

या सत्तर रुपयांचे पुढे काय होते? वरळीला आलेल्या मैलापाण्यातून जाळ्यांवर कचरा अडवला जातो, रेती खाली बसवली जाते आणि उरलेले पाणी ३.४ किलोमीटर लांबीच्या सागरी पातमुखातून समुद्रात सोडले जाते. विरघळलेली घाण तशीच राहते. किनारा वाचला, हे खरे. पण भार समुद्रावर गेला आणि त्याची नोंद कुठल्याच खातेवहीत झाली नाही.

आता २००४ ची राष्ट्रीय महापालिका लेखा संहिता पाहा. तोवर देशातल्या बहुतेक पालिका रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवत. पंप घेतला, पैसे खर्ची पडले, पंप वहीतून नाहीसा झाला. तो खारट हवेत गंजतो आहे, दहा वर्षांनी बदलावा लागेल, हे वहीला ठाऊक नसे. या संहितेतल्या उपार्जित पद्धतीत पंप मालमत्ता म्हणून नोंदवला जातो आणि दरवर्षी त्याचा घसारा लागतो. समुद्राकाठच्या उदंचन केंद्राला याहून मोलाची सुधारणा नाही, असे माझे ठाम मत आहे. शिल्लक दिसते म्हणून निर्धास्त राहायची सवय त्यामुळे मोडते. जुलै २०१७ मध्ये जकात बंद होऊन पालिकेचे उत्पन्न राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर विसंबू लागल्यावर तर ही जाणीव अधिकच निकडीची झाली.

पुढचा टप्पा वातावरणाचा. मार्च २०२२ मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा आला आणि जून २०२४ मध्ये पहिला वातावरण अर्थसंकल्प अहवाल. ऑस्लो, न्यू यॉर्क आणि लंडननंतर असा अहवाल काढणारे हे शहर. त्यात २०२४-२५ च्या ३१,७७४.५९ कोटींच्या भांडवली खर्चापैकी सुमारे १०,२२४ कोटी, म्हणजे ३२ टक्क्यांच्या आसपास, वातावरणाशी निगडित ठरवले गेले. प्रत्येक कामावर असे शिक्के मारायला खात्याखात्यांतल्या माणसांना बसून विचार करावा लागतो आणि ते काम मोठेच आहे.

पण शिक्का हेतूवर बसतो, परिणामावर नाही. तरतूद किती हे कळते. घाण किती कमी झाली ते कळत नाही. त्यात आणखी एक उणीव. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे स्थायी समितीच नव्हती. प्रशासकाने अर्थसंकल्प मांडायचा आणि प्रशासकानेच मंजूर करायचा. अशा वेळी आकड्यांना प्रश्न विचारणार कोण?

वरळीत आता दिवसाला ५०० दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे मलजल प्रक्रिया केंद्र उभे राहते आहे. शहरात अशी सात केंद्रे मिळून क्षमता २,४६४ दशलक्ष लिटर होणार आहे. त्यांचा भांडवली खर्च वातावरणाच्या रकान्यात सहज बसेल. माझा आग्रह त्याच्या शेजारच्या रकान्याचा आहे: महिन्याभरात किती मैलापाणी आले, किती प्रक्रियेतून गेले, बाहेर पडलेल्या पाण्यात प्राणवायू खाणारी घाण किती उरली, त्याला वीज किती लागली आणि एका लिटरमागे खर्च किती पडला. हे पाच आकडे पालिकेने दरमहा मराठीत छापावेत आणि वरळी कोळीवाड्याच्या सूचनाफलकावर लावावेत.