मे 1930 : जग आणि शिरोडे

इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक देशाचे प्रकरण निराळे असते. पण दिवस सगळ्यांचा एकच उगवतो. 1930 सालचा मे महिनाच पाहा ना!

5 मेला मध्यरात्र उलटल्यावर गुजरातेत कराडी गावी गांधीजींना अटक झाली. त्याच दिवशी लंडनजवळच्या क्रॉयडनहून एमी जॉन्सन ही 26 वर्षांची तरुणी एकटी विमान घेऊन निघाली. 24 तारखेला ती ऑस्ट्रेलियात पोचली. 5 मेलाच अमेरिकेत 1,028 अर्थशास्त्रज्ञांचे निवेदन प्रसिद्ध झाले : आयात मालावरची जकात वाढवू नका. अध्यक्ष हूव्हर यांनी जूनमध्ये कायद्यावर सही केलीच. मग इतर देशांनीही जकाती वाढवल्या आणि मंदी आणखी चिघळली.

आणि आपल्याकडे? 12 मेला सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्याच सुमारास वेंगुर्ले तालुक्यात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रही चालून गेले. दारात समुद्र, ताटात पेज नि मासळी. पण मूठभर मीठ उचलले की गुन्हा! हा कर गरिबालाही चुकत नव्हता, म्हणून तर तो सगळ्यांना झोंबला.

तिकडे विद्वानांचा अर्ज वाया गेला. इकडे साध्या माणसांनी लाठ्या नि तुरुंग सोसले, आणि 5 मार्च 1931 च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यालगतच्या गावकऱ्यांना घरच्यापुरते मीठ करण्याची मोकळीक मिळाली.

गुरुजी, फळ्यावर एका बाजूस जग लिहा, दुसऱ्या बाजूस आपला गाव. मुलांना तारखा आपोआप उमजतील.