गोठ्याशेजारचें इंजिन

यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा कारखान्याच्या दारापाशींच थांबतात. पुढें तें कोणाच्या हातीं जगलें, हें पाहत नाहींत. १९२५ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें ‘मॉडेल टी’ला मागें उघडी पेटी जोडून ती २८१ डॉलरांस विकावयास काढली, तिची ही पहिली कारखानी पिकअप गाडी. शेतकऱ्याला तिचें इंजिन गोठ्याशेजारीं खोलून पुन्हां नीट करतां येई, यांतच आमच्या मतें तिचें खरें महत्त्व आहे.

चारही सिलिंडर एकाच ओतिवांत. पण वरचें झांकण बोल्ट काढतांच सुटे. पिस्टनच्या दांड्या क्रँकशाफ्टला जेथें धरीत, तेथें बॅबिट या मऊ मिश्रधातूचें अस्तर असे. तें झिजून खडखड होऊं लागली, कीं टोपणाची कड कानशीनें किंचित् घासावयाची, बोल्ट आवळावयाचे आणि हातानें फिरवून पाहावयाचें. घासणें अधिक झालें, तर फिरणेंच बंद! हा अंदाज पुस्तकानें थोडाच येतो?

दीड कोटींवर गाड्या निघाल्यावर १९२७ सालीं हा नमुना बंद पडला. पुढें मंदी आली. नवी गाडी अनेकांस परवडेना. तेव्हां पुष्कळ शेतांवर जुनीच गाडी कानशीच्या बळावर बाजाराला जात राहिली.