सीमाभागाची ‘मैना’ आणि मॉस्कोतला पुतळा : अण्णाभाऊ साठे

सीमालढ्याची गाणी म्हटली की बेळगाव-निपाणीकडं पहिलं नाव निघतं ते ‘माझी मैना’चं. ही छक्कड लिहिणाऱ्या शाहीर अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आज मॉस्कोत उभा आहे. कलावंत आपल्या लोकांचं म्हणणं सीमेपार कसं नेतो, याचं मराठीतलं हे ठळक उदाहरण.

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाटेगावचा (ता. वाळवा, जि. सांगली). शाळा जवळपास नाहीच. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, गिरणीत काम केलं, कामगार चळवळीत शिरले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. त्याआधीच त्यांनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. चाळीतल्या कामगाराला व्होल्गाकाठची लढाई डफावर समजली, ती अशी.

संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव मे १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात झाला. अध्यक्ष होते ग. त्र्यं. माडखोलकर. पण ठराव वाचतात किती जण? तो मुद्दा गिरणगावात आणि खेडोपाडी पोचवला तो शाहिरांनी. ‘माझी मैना’त पोटासाठी मुंबईला गेलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येते, आणि बघता बघता ती ताटातूट महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची होऊन जाते. १ मे १९६० ला राज्य झालं, बेळगाव-निपाणी बाहेरच राहिलं. २००४ पासून हा वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणून गाणं अजून शिळं झालेलं नाही.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला गेले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं प्रवासवर्णन त्यातूनच आलं. त्या काळात राज कपूर यांच्या ‘आवारा’नं रशियन माणसाला वेड लावलं होतं, सरकारी शिष्टमंडळांना जमलं नसतं ते एका सिनेमानं केलं. युनिसेफनं तर १९५४ मध्येच हॉलिवूडचा नट डॅनी के याला आपला सदिच्छादूत नेमलं होतं. अण्णाभाऊंकडं असली कसलीच नेमणूक नव्हती. उलट स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं त्यांच्या कलापथकावर बंदी घातली होती.

१८ जुलै १९६९ ला ते गेले. १ ऑगस्ट २००२ रोजी त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोच्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरण तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. भारत-रशिया राजनैतिक संबंधांच्या पंचाहत्तरीचं निमित्त होतं. हयातीत ज्याच्या तमाशाला सरकार बिचकलं, तोच शाहीर दोन देशांच्या मैत्रीचा चेहरा ठरला. त्या सोहळ्यानं सीमाप्रश्न तसूभरही पुढं सरकला नाही, हेही खरंच.