थंडीत घरी कार धुताय? पाणी किती गरम असावं, काच का तडकते आणि योग्य पद्धत कोणती

नाशिकची थंडी काय असते हे इथे राहणाऱ्यालाच कळतं. डिसेंबर २०१८ मध्ये निफाडचा पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. अशा दिवसांत द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात, आणि सकाळी नळाच्या पाण्यात हात घालायची हिंमत होत नाही.

मग गाडी धुताना गिझरचं पाणी वापरावंसं वाटणारच. मीही वापरलं, आणि चूक केली. समोरच्या काचेवर हायवेवर उडालेल्या खड्याचा एक बारीक टवका होता. सकाळी सहाला, दव पडलेल्या थंडगार काचेवर मी कडकडीत पाण्याचा मग ओतला. बारीक 'टक्' असा आवाज आला आणि टवक्यापासून वीतभर लांब भेग पडली. काच बदलावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा लेख.

काच का तडकते?

काच उष्णता हळू वाहून नेते. गरम पाणी पडतं तो भाग लगेच प्रसरण पावतो, पण शेजारचा भाग थंडच असतो. या ओढाताणीत ताण तयार होतो आणि तो सगळ्यात कमकुवत जागी, म्हणजे टवक्यावर, एकवटतो.

दारांच्या काचा सहसा टफन्ड असतात, त्या हा फरक बराच सहन करतात. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मध्ये प्लास्टिकचा थर. अपघातात ती विखुरत नाही, पण तापमानाच्या झटक्याला टफन्ड काचेइतकी दाद देत नाही. आधीच टवका असेल तर धोका जास्त.

मग कोमट पाण्याचा फायदा काय?

फायदा नक्की आहे.

- रस्त्यावरचा तेलकट थर आणि चिकटलेले किडे लवकर सुटतात.
- पक्ष्यांची वाळलेली घाण मऊ होते, घासावी लागत नाही.
- शाम्पू पाण्यात चांगला मिसळतो.
- हात बधिर होत नाहीत, त्यामुळे काम घाईत उरकलं जात नाही. माझ्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा!

पाणी नेमकं किती गरम?

३५ ते ४० अंश पुरे, म्हणजे लहान बाळाच्या आंघोळीला चालेल इतकं. थर्मामीटर लागत नाही. नळाचं पाणी १५ अंश आणि गिझरचं ६० अंश धरलं, तर अर्धं-अर्धं मिसळल्यावर साधारण ३७ अंश येतं. बादलीत आधी थंड पाणी घ्या, मग गरम. कोपर बुडवून बघा. चटका नको, ऊब हवी.

विजेचा खर्चही फार नाही. १५ लिटरची एक बादली एवढी कोमट करायला अर्ध्या युनिटपेक्षा कमी वीज लागते.

हीटर रॉड वापरत असाल तर: बटण बंद करा, प्लग काढा, मगच पाण्यात हात घाला. ओल्या पार्किंगमध्ये रॉड लावूच नका. काच बदलता येते, माणूस नाही.

धुण्याची पद्धत

१. सकाळी सहाला नको, नऊ-दहानंतर कोवळ्या उन्हात धुवा. तोवर काच आणि पत्रा थोडा तापलेला असतो.
२. आधी साध्या पाण्याने धूळ खाली पाडा. दवाने ओली झालेली धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर बारीक ओरखडे पडतात.
३. दोन बादल्या ठेवा. एकीत कोमट पाणी आणि कार शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी.
४. छतापासून खाली या. चाकं शेवटी, आणि वेगळ्या फडक्याने.
५. काचेवर पाणी ओतू नका. पिळलेल्या कोमट फडक्याने पुसा.
६. एकेक भाग धुवून लगेच मायक्रोफायबरने कोरडा करा. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात, आणि कोमट पाणी लवकर वाळतं.
७. शेवटी गाडी थोडी चालवून हळू ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक वाळतात. लगेच उभी करायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा.

नेहमीचे प्रश्न

*गरम पाण्याने वॅक्स वितळतं का?*
कोमट पाण्याने नाही. कार्नुबा वॅक्स वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. वॅक्स निघतं ते कपड्यांच्या पावडरने, म्हणून ती वापरू नका.

*लांबून आल्यावर लगेच चाकं धुतली तर चालतील?*
नको. तापलेल्या डिस्कवर थंड पाणी पडलं तर ती वाकू शकते. अर्धा तास थांबा.

*काचेला टवका आहे, काय करू?*
आधी तो भरून घ्या. छोटा टवका रेझिनने भरता येतो आणि खर्च नवीन काचेच्या मानाने बराच कमी येतो. तोवर काचेला गरम पाणी अजिबात लावू नका. मी हेच आधी केलं असतं तर माझी काच वाचली असती.