कॅमेऱ्यामागे कोण होते?

फोटोग्राफीच्या जुन्या इतिहासात कृष्णवर्णीय माणसे दिसतात. कधी कापसाच्या मळ्यात, कधी मालकाच्या दारात. पण फोटो काढणारे कृष्णवर्णीय कुठे गेले? हा सवाल १९७० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या कला महाविद्यालयात शिकणाऱ्या डेबोरा विलिस यांनी केला आणि पुढचे आयुष्य त्याच्या जवाबात घालवले.

त्यांचा जन्म १९४८ चा. वडील पोलीस खात्यात, पण फोटोग्राफीचे शौकीन. कॉलेजात एका प्राध्यापकाने त्यांना ऐकवले होते की, तू एका होतकरू मुलाची जागा अडवली आहेस, उद्या लग्न करून मुलेच सांभाळणार! (आपल्या मुलींना हे वाक्य नवे वाटणार नाही.)

पुस्तकांत नावे नव्हती, म्हणून विलिस यांनी कृष्णवर्णीयांची जुनी वर्तमानपत्रे आणि शहरोशहरीच्या रहिवासी व व्यावसायिकांच्या सूच्या चाळल्या. काही सूच्यांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे वेगळी खूण असे. भेदभावासाठी केलेली ती खूणच शंभर वर्षांनी त्यांना वाट दाखवणारी ठरली. त्यातून १९८५ मध्ये १८४० ते १९४० या काळातील छायाचित्रकारांचा चरित्रकोश निघाला. तोवर त्या न्यूयॉर्कच्या शोम्बर्ग केंद्रात छायाचित्र-संग्रह सांभाळू लागल्या होत्या.

या नावांचे मोल कळायला १८५० साल पाहावे. त्या वर्षी हार्वर्डचे शास्त्रज्ञ लुई अगासीझ यांनी दक्षिण कॅरोलिनात गुलामांचे कपडे उतरवून फोटो काढवून घेतले. माणसांचे वंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, हे त्यांना ‘सिद्ध’ करायचे होते. ते फोटो हार्वर्डच्या संग्रहालयात पडून होते, १९७६ मध्ये सापडले आणि खटल्यानंतर २०२५ मध्ये विद्यापीठाने त्यांवरचा ताबा सोडण्याचे मान्य केले.

त्याच सुमारास हार्टफर्ड शहरात ऑगस्टस वॉशिंग्टन यांचा स्टुडिओ चालू होता. वडील एके काळी गुलाम, मुलगा छायाचित्रकार! तेव्हा चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर फोटो उमटे, त्याची दुसरी प्रत निघत नसे. गुलामगिरीविरुद्ध बंड करून १८५९ मध्ये फाशी गेलेल्या जॉन ब्राऊन यांची तसवीर वॉशिंग्टन यांनी त्याआधी दहाबारा वर्षे काढली होती. त्यात ब्राऊन यांचा एक हात शपथेसाठी वर उचललेला आहे. १८५३ मध्ये वॉशिंग्टन कॅमेरा घेऊन सहकुटुंब आफ्रिकेत लायबेरियाला गेले. जहाजांनी ज्या किनाऱ्यावरून माणसे पळवली, तिथल्या नव्या देशाच्या सिनेटरांचे फोटो त्यांनी काढले. पुढे तिथल्या विधिमंडळातही बसले.

सन २००० मध्ये विलिस यांचा मोठा इतिहासग्रंथ आला. त्यात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत. त्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पीएच.डी. मात्र त्यानंतरची! मग न्यूयॉर्क विद्यापीठात त्या प्राध्यापक झाल्या. २०२१ चे त्यांचे पुस्तक अमेरिकी यादवी युद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांवर आहे. गणवेश चढवून, बटणे नीट लावून कॅमेऱ्यासमोर बसलेले हे सैनिक आणि सोबत त्या काळातली पत्रे.